डेफिशियन्सी म्हणजे कशापेक्षा कमी, ते आधी विचारा

तुम्ही विचारलंय की आईच्या रक्ताच्या रिपोर्टवर व्हिटॅमिन डी डेफिशियन्सी लिहिलंय, घरदुरुस्तीच्या अर्जावर जे पत्र आलं त्यातही डेफिशियन्सीज आहेत म्हणून लिहिलंय, आणि वर मुलीच्या आठवीच्या अभ्यासात डेफिशियन्सी आणि शॉर्टेज यातला फरक लिहून आणायला सांगितलाय, आणि डिक्शनरी उघडली तर सगळीकडे एकच शब्द, कमतरता. मग रक्तातली ती, कागदातली ती आणि वहीतली ती एकच का वेगवेगळी, असा तुमचा प्रश्न.

मी गोव्यात फोंड्याला इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते, २२ वर्षं झाली. कोर्टाचे कागद, विम्याचे क्लेम, लॅबचे रिपोर्ट, सोसायटीच्या नोटिसा, कंपन्यांची पत्रकं, जे येईल ते. हा शब्द आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच, आणि मी खात्रीने सांगते की जेवढे लोक या एका शब्दाने उगाच घाबरलेले मी बघितलेत तेवढे दुसऱ्या कुठल्या शब्दाने नाही. म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आधी मुख्य गोष्ट. डेफिशियन्सी म्हणजे नुसतं "कमी आहे" नव्हे, "जेवढं पाहिजे होतं त्याच्यापेक्षा कमी आहे". फरक वाटतो एवढासा, पण सगळं त्याच्यातच आहे. कुणीतरी आधी एक माप ठरवलेलं असतं, डॉक्टरांनी, कायद्याने, हवामान खात्याने, कुणीही, आणि त्या मापाला तुमची वस्तू पुरी पडत नाही, मग ती डेफिशियन्सी. माप नसेल तर हा शब्द वापरताच येत नाही. म्हणून भाषांतर करताना मी पहिलं हेच शोधते की माप कुठाय, आणि ते सापडलं की मराठी शब्द आपोआप सापडतो.

हे मला शिकवलं ते पेडण्याकडच्या एका म्हाताऱ्या मावशीने. बरीच वर्षं झाली. त्या आल्या त्या भाच्याला घेऊन, हातात रिपोर्ट आणि रिपोर्टच्या मागे कुणीतरी मराठीत करून दिलेला कागद, त्यावर लिहिलेलं "ड जीवनसत्त्वाचा अभाव". भाचा क्लेमच्या दुसऱ्या कागदांसाठी आला होता पण मावशींचं सगळं लक्ष त्या एका ओळीवर. मला म्हणाल्या, "म्हज्या आंगांत तें जीवनसत्त्व इल्लें लेगीत ना?" म्हणजे माझ्या अंगात ते थोडंसुद्धा नाही का. हाडं आता मोडणार या भीतीने त्यांनी विहिरीच्या पायऱ्या उतरणं सोडलं होतं, भाचा सांगत होता की अंगणात पण जात नाही, म्हणजे ज्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं तेच बंद. मी रिपोर्ट बघितला. आकडा होता १७. खाली लॅबने नेहमीसारखं छापलेलं, २० च्या खाली डेफिशियन्सी, २० ते ३० इनसफिशियन्सी, ३० च्या वर पुरेसं.

हा आकडा नॅनोग्रॅममध्ये असतो, आता त्यांना नॅनोग्रॅम काय सांगणार. पण बाई आयुष्यभर भातशेती केलेली. मी म्हटलं, मावशी, खंडीचे कुडव किती? म्हणाल्या वीस. मी म्हटलं, तुमच्या घरात सतरा कुडव भात आहे, खंडी भरायला पाहिजे होती. त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खंडीक तीन कुडव उणे, इतलेंच मूं?" मी म्हटलं इतलेंच, आणि ते कसं भरून काढायचं ते डॉक्टर सांगतील. त्या उठल्या आणि भाच्याला म्हणाल्या चल, बस चुकेल.

"उणे" हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही, आणि माझ्याकडे तेव्हा डिक्शनरीत पाच शब्द होते त्यातला एकही एवढा नेमका नव्हता. मागाहून मी विचार करत बसले की हा शब्द तर आपण रोज बोलतो. पाच उणे दोन. आणि एकोणीस घ्या, एकोणतीस घ्या, एकोणचाळीस घ्या, या सगळ्यांच्या पोटात संस्कृतचा "ऊन" बसलाय, ऊन म्हणजे कमी, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. एकोणीस ही काही वाईट संख्या नाही, तिला काही झालेलं नाही, फक्त आपण तिच्याकडे विसाच्या बाजूने बघतोय म्हणून ती उणी. डेफिशियन्सीचा अर्थ याच्यापेक्षा सोपा करून सांगता येईल असं मला वाटत नाही. उणीव हा शब्द पण त्याच घरातला, आणि कोकणीत पाण्याचा उणाव म्हणतात तो पण.

आणि त्या कागदावर जो शब्द होता, अभाव, त्याचं काय? अभाव म्हणजे नसणं. मुळीच नसणं. आपल्या वैशेषिक दर्शनाच्या जुन्या तत्त्वज्ञांनी अभावाला वेगळा पदार्थ मानलाय आणि त्याचे चार प्रकार केलेत, प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव, अन्योन्याभाव, आणि चारही प्रकार आहेत ते नसण्याचे, कमी असण्याचे नाहीत. मडकं घडवण्याआधी मडकं नाही, फुटल्यावर मडकं नाही, असं. इंग्रजीत याच्या जवळचा शब्द ॲबसेन्स, फार तर लॅक. पुस्तकी मराठीत अभाव हा कमीच्या अर्थानेही चालतो हे मला माहीत आहे, "पाण्याअभावी पीक करपलं" आपण म्हणतोच, पण रिपोर्टवर तो शब्द वाचणारा माणूस त्याचा शब्दशः अर्थ घेतो, आणि घेणारच. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं अभाव लिहीत होते. त्या दिवसापासून लॅबच्या रिपोर्टवर मी तो लिहीत नाही, "ड जीवनसत्त्व कमी" किंवा "ड जीवनसत्त्वाची कमतरता" लिहिते आणि शेजारी आकडा आणि माप दोन्ही ठेवते.

आता तुमच्या आईच्या रिपोर्टबद्दल थोडं अजून, कारण तिथे शेजारीशेजारी दोन शब्द असतात आणि लोकांना ते एकच वाटतात. डेफिशियन्सी आणि इनसफिशियन्सी. इनसफिशियन्सी म्हणजे अपुरं, अजून काठाला आलेलं नाही पण फार खाली पण नाही. डेफिशियन्सी त्याच्या खालची पायरी. मी डेफिशियन्सीला "कमतरता" आणि इनसफिशियन्सीला "अपुरेपणा" लिहिते. दोन्हीकडे कमतरता लिहिलं तर लॅबने मुद्दाम काढलेली रेषाच पुसली जाते. तसंच हिमोग्लोबिनचं, डब्ल्यूएचओच्या मापाने गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली ॲनिमिया आणि गरोदर बाईला ११ च्या खाली (मधल्या तीन महिन्यांत साडेदहाच्या खाली), म्हणजे साडेअकरा हा एकच आकडा एकीला कमी आणि दुसरीला चालणारा. अंगातलं रक्त तेच, माप बदललं की शब्द बदलतो. आणि ॲनिमिया आणि आयर्न डेफिशियन्सी हे पण एक नव्हे हं, लोह कमी झालं पण हिमोग्लोबिन अजून खाली आलेलं नाही असंही असतं, आणि ॲनिमियाची कारणं लोहाशिवाय दुसरी पण असतात. रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेवढंच लिहायचं, आपल्या मनाने एकाचं दुसरं करायचं नाही.

एक प्रकार मात्र असा आहे की तिथे कमतरता हा शब्द पण दिशाभूल करतो. जी सिक्स पी डी डेफिशियन्सी. एका बाळाचा रिपोर्ट घेऊन आई-बाबा आले होते, त्यांनी कमतरता वाचलं आणि पहिला प्रश्न, कुठलं टॉनिक द्यायचं, काय खायला घालायचं. साहजिक आहे, मराठीत कमतरता म्हटलं की भरून काढायचं असं कानाला लागूनच येतं. पण हे व्हिटॅमिन नव्हे, शरीर स्वतः बनवतं ते एन्झाइम आहे, जन्मतः कमी काम करतं, खाऊन भरत नाही. तिथे उलट काय टाळायचं ते महत्त्वाचं, मलेरियावर प्रायमाक्विन नावाची गोळी देतात ती यांना त्रास करू शकते म्हणून आधी ही टेस्ट बघतात, काही इतर औषधं आणि बाकला नावाच्या वालासारख्या शेंगा पण टाळायला सांगतात. तिथे मी लिहिलं, "जी सिक्स पी डी हे एन्झाइम जन्मतः कमी प्रमाणात कार्य करते". लांब झालं, होऊ दे. आई-बाबांना डॉक्टरांना काय विचारायचं ते कळलं पाहिजे.

म्हणजे दुसरा प्रश्न स्वतःला हा विचारायचा की भरून निघण्यासारखं आहे का. निघत असेल तर कमतरता बरोबर, नसेल तर वाक्य फिरवून लिहायचं.

आता कागदातली डेफिशियन्सी. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण इथे भीतीबरोबर अपमान पण होतो. एक निवृत्त मास्तर, वय पंचाहत्तरच्या पुढे, घराच्या मागची पडवी नीट करायला अर्ज केला होता. उत्तर इंग्रजीत आलं, त्यात "द फॉलोइंग डेफिशियन्सीज आर नोटिस्ड", आणि शेजारच्या मुलाने फोनवर भाषांतर करून दाखवलं, "खालील दोष आढळले आहेत". मास्तर तीन दिवस झोपले नाहीत. आयुष्यात कुणी दोष काढला नव्हता, आता सरकार म्हणतंय दोष. बेकायदेशीर बांधकामाची केस होईल असं त्यांना वाटायला लागलं. माझ्याकडे आले ते पांढरा शर्ट इस्त्री करून, फाइल छातीशी धरून, खुर्चीवर बसायला तयार नाहीत. मी पत्र वाचलं. दोष वगैरे काही नाही. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, जोडलेला जुना होता, नवीन पाहिजे. घरपट्टीची चालू वर्षाची पावती नाही. प्रतिज्ञापत्रावर एका पानावर सही राहिलीय. बस. मी म्हटलं सर, हे दोष नव्हेत, अर्जात तीन त्रुटी आहेत, दोन कागद आणि एक सही. ते तेव्हा कुठे बसले, पाणी मागितलं, आणि मग मला विचारलं की त्रुटी स्त्रीलिंगी ना, मग "तीन त्रुटी" मध्ये अनेकवचन तेच राहतं का. मास्तर ते मास्तर.

तर ऑफिसच्या पत्रात डेफिशियन्सी म्हणजे त्रुटी. अर्ज पूर्ण होण्यासाठी जी यादी ठरलीय त्या यादीच्या मापाने काय राहिलंय ते. धंदा करणाऱ्यांना जीएसटीच्या रिफंडमध्ये डेफिशियन्सी मेमो येतो, फॉर्म आरएफडी ०३, तो पण हाच, तुमचा क्लेम नाकारलेला नाही, अर्ज पूर्ण नाही, दुरुस्त करून नवा टाका असा त्याचा अर्थ. लोक तो मेमो हातात घेऊन रिजेक्शन झालं म्हणून सांगत येतात. रिजेक्शन वेगळं, डेफिशियन्सी वेगळी, आणि ही चूक पैशाला लागते कारण मुदत चालू असते.

इथे शब्दांच्या घराण्याचं एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. डेफिशियन्सी, डेफिसिट आणि डिफेक्ट हे तिन्ही इंग्रजी शब्द एकाच लॅटिन क्रियापदाची मुलं, देफिकेरे, म्हणजे कमी पडणं, साथ सोडणं. डेफिसिट तर मुळात क्रियापदाचं रूपच आहे, "ते कमी आहे". आणि आपल्याकडे बघा, त्रुटी, तूट आणि तुटवडा, हे तिन्ही त्रुट् या एका धातूचे, तोच धातू जो तुटणे मध्ये आहे. त्यांच्याकडे मूळ कल्पना कमी पडण्याची, आपल्याकडे तुटण्याची, पण दोन्हीकडे एका मुळाला तीन फांद्या फुटल्या आणि त्या जवळजवळ समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या. डेफिसिटला तूट, शॉर्टेजला तुटवडा, कागदातल्या डेफिशियन्सीला त्रुटी. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खूप वेळ काम बाजूला ठेवून बसले होते. आपल्या भाषेत शब्द नाहीत म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते.

कायद्यात मात्र डेफिशियन्सी आणि डिफेक्ट यात पक्की भिंत आहे आणि ती मराठीत पण सांभाळावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, आधी १९८६ चा आणि आता २०१९ चा, त्यात डिफेक्ट हा वस्तूत असतो आणि डेफिशियन्सी ही सेवेत. फ्रिज थंड करत नाही, डिफेक्ट. फ्रिजवाला सर्व्हिसला कबूल करून येत नाही, डेफिशियन्सी. २०१९ च्या कायद्यात कलम २ च्या १० व्या पोटकलमात डिफेक्ट आणि लगेच ११ व्यात डेफिशियन्सी. आणि व्याख्या वाचाल तर परत तेच माप, कायद्याने जो दर्जा राखायला पाहिजे किंवा करारात जे कबूल केलंय, त्याच्या तुलनेत गुणवत्तेत, स्वरूपात किंवा काम करण्याच्या पद्धतीत काही चूक, अपूर्णता, उणीव. २०१९ मध्ये त्यात निष्काळजीपणाने केलेली किंवा न केलेली कृती आणि मुद्दाम माहिती लपवणं हे पण घातलं. म्हणून इथे मी "वस्तूतील दोष" आणि "सेवेतील त्रुटी" असं लिहिते, आणि कुणी "सेवेतील कमतरता" लिहिलं तरी चालेल, पण "सेवेचा अभाव" नको. सेवा दिलीच नाही आणि सेवा दिली पण धड दिली नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, वकील विचारतील कुठली.

बघा हं, तोच शब्द, मास्तरांच्या पत्रात त्यात कुणाचा अपराध नव्हता, आणि ग्राहक आयोगात त्याच शब्दावर नुकसानभरपाई मिळते. म्हणून तिसरा प्रश्न, कुणावर जबाबदारी येतेय का.

पावसाचं सांगते, कारण गोव्यात जूनमध्ये पाऊस जरा लांबला की पेपरात डेफिशियंट येतं आणि लगेच लोक दुष्काळाच्या गोष्टी करतात. हवामान खात्याच्या भाषेत जिल्ह्याचा किंवा विभागाचा पाऊस त्या काळाच्या सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी असला की डेफिशियंट, ६० ते ९९ टक्के कमी तर लार्ज डेफिशियंट, आणि १९ टक्क्यांपर्यंत वरखाली झालं तरी तो नॉर्मलच. संपूर्ण देशाच्या मोसमी पावसाला मात्र माप वेगळं, दीर्घकालीन सरासरीच्या ९० टक्क्यांखाली गेला की डेफिशियंट. आणि २०१६ पासून खात्याने देशपातळीवर ड्राउट हा शब्द सोडून "डेफिशियंट इयर" म्हणायला सुरुवात केली, कारण पाऊस किती पडला हे सांगणं त्यांचं काम, दुष्काळ आहे का ते ठरवताना पीक, पाणीसाठा, चारा असं बरंच बघावं लागतं.

आता आपल्याकडे पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. समजा एखाद्या वर्षी ३० टक्के कमी पडला, तरी एकवीसशे मिलिमीटर, म्हणजे सोलापूरकडे वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त. तरीसुद्धा गोव्याचा पाऊस डेफिशियंट आणि सोलापूरचा नॉर्मल असं एकाच पानावर छापून येऊ शकतं, आणि दोन्ही खरं. कारण प्रत्येकाला त्याच्याच सरासरीने मोजलंय. मी मराठीत "सरासरीपेक्षा ३० टक्के कमी पाऊस" असं सरळ लिहिते, किंवा "तुटीचा पाऊस". "अपुरा पाऊस" लिहायला मन धजत नाही, अपुरा कशाला? भाताला? धरणाला? ते त्या आकड्यात सांगितलेलंच नसतं.

आणि इथेच मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, डेफिशियन्सी आणि शॉर्टेज. २०१९ चा ऑगस्ट आठवा. पाऊस धो धो, नद्या भरलेल्या, आणि कुर्टी-खांडेपारला ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या आणि पणजी, तिसवाडी आणि आमच्या फोंड्याच्या भागात कित्येक दिवस नळाला पाणी नाही. छपरावरून पाणी वाहतंय, आम्ही पन्हळीखाली बादल्या लावतोय आणि टँकरच्या रांगेत पण उभे आहोत. त्याला पाण्याची डेफिशियन्सी कुणी म्हणेल का? पावसाची डेफिशियन्सी तर मुळीच नव्हती. ते शॉर्टेज. शॉर्टेज म्हणजे लोकांना आत्ता लागतंय तेवढं हाताला मिळत नाही, पुरवठा आणि मागणीचं ते गणित, तुटवडा. बाजारात कांद्याचा तुटवडा, चवथीच्या तोंडावर नारळाचा तुटवडा, बसला सुट्या पैशाचा तुटवडा. डेफिशियन्सी ही त्या वस्तूच्या, शरीराच्या, जमिनीच्या, कामाच्या आतली. तुटवडा बाजारात असतो, कमतरता अंगात असते. मुलीने एवढं लिहिलं तरी बाईंनी मार्क द्यायला हरकत नाही.

जमिनीचं म्हटलं म्हणून, बागायतदार लोक हा शब्द फार बरोबर वापरतात. "माडाला बोरॉनची डेफिशियन्सी आलीय" म्हणतात, कोवळी पानं टोकाला आकड्यासारखी वळलेली दिसतात तेव्हा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी, लोह कमी पडलं तर आधी नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. म्हणजे तिथे डेफिशियन्सी हे नुसतं नाव नाही, पानावर वाचता येतं असं काहीतरी आहे. मराठीत "बोरॉनची कमतरता" बरोबर.

बाकीचे भराभर. डेफिसिट, तूट, पैशात किंवा आकड्यात मोजलेली, खर्च उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त तेवढी रक्कम. फिस्कल डेफिसिट राजकोषीय तूट. स्कॅर्सिटी, टंचाई, जास्त काळ टिकणारी. डर्थ, वानवा, "चांगल्या सुतारांची वानवा आहे", हा डर्थ शब्द डिअर म्हणजे महाग याच्यापासून आलाय, धान्य मिळेनासं झालं की महाग होतं म्हणून. पैशाला मात्र आपल्याकडे चणचण हा खास शब्द, तो दुसऱ्या कशाला लावू नका, पाण्याची चणचण ऐकायला बरं वाटत नाही. बँकेतलं इनसफिशियंट फंड्स म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, तिथे डेफिशियन्सी कुणी म्हणत नाही. कॉलेजात हजेरी कमी पडली तर शॉर्टेज ऑफ अटेंडन्स.

इंग्रजीत वापरताना काय सांभाळायचं ते पण विचारलंय. पदार्थ असेल तर डेफिशियन्सी ऑफ आयर्न, किंवा सरळ आयर्न डेफिशियन्सी. काम, सेवा, कौशल्य असेल तर डेफिशियन्सी इन सर्व्हिस. विशेषण डेफिशियंट असेल तर पुढे इन, डेफिशियंट इन व्हिटॅमिन्स, तिथे ऑफ चालत नाही. लॅकची चूक आपली मुलं हमखास करतात, नाम असेल तर लॅक ऑफ स्लीप, पण क्रियापद असेल तर ऑफ नको, ही लॅक्स एक्स्पीरियन्स, एवढंच. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, डिफिशन्सी, आणि डेफिसिटमध्ये पहिल्यावर. स्पेलिंगला मुलांना शाळेत तो नियम शिकवतात ना, आय आधी ई नंतर पण सी च्या पुढे उलटं, तो नियम इथे लागत नाही, सी च्या पुढे आय आणि मग ई, मुलीला दोनदा लिहून काढायला सांगा.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. माणसाला डेफिशियंट म्हणू नका. इंग्लंडमध्ये १९१३ साली मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट नावाचा कायदा होता, मतिमंद म्हणून ठरवलेल्या लोकांना वेगळं संस्थांत ठेवण्यासाठी, तो १९५९ च्या कायद्याने गेला, आणि माणसासाठी तो शब्दही मागे पडला. कारण शब्दाच्या पोटातच माप आहे, माणसाला डेफिशियंट म्हटलं की माणूस किती भरला पाहिजे होता हे कुणीतरी ठरवलं असा अर्थ होतो. आपल्याकडे गोव्यात याची दुसरी बाजू पण येते, पोर्तुगीज कागद. देफिसिएन्सिया हा त्यांचा शब्द, कमतरता असा पण अर्थ होतो आणि आजच्या पोर्तुगीजमध्ये अपंगत्व, दिव्यांगत्व याला पण तोच शब्द. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचे कागद घेऊन लोक येतात आणि कुणीतरी तिथे दिव्यांगत्वाच्या दाखल्याला "कमतरतेचा दाखला" लिहून दिलेलं असतं. इंग्रजीत तो शब्द डिसॅबिलिटी, डेफिशियन्सी नव्हे. दिसायला सारखे, अर्थाला नाही.

आता तुमचं काम. आईचा रिपोर्ट बघा, आकड्याशेजारी माप छापलेलं असतं, आधी ते वाचून दाखवा आणि मग शब्द सांगा, उलट क्रमाने नको. "कमी आहे" म्हणा, "नाही" म्हणू नका. घराच्या पत्रात डेफिशियन्सीजच्या खाली एक, दोन, तीन करून जे लिहिलंय ते म्हणजे राहिलेले कागद, उत्तराची मुदत बहुतेक शेवटच्या ओळीत असेल ती आधी बघा, आणि उत्तर मराठीत द्यायचं असेल तर गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही शासकीय कामासाठी वापरायची सोय आहे, बिनधास्त लिहा, "आपल्या पत्रात नमूद केलेल्या त्रुटींची पूर्तता करून खालील कागद सोबत जोडत आहे". आणि मुलीच्या वहीत दोन वाक्यं अशी लिहू दे, देअर इज अ शॉर्टेज ऑफ कोकोनट्स इन द मार्केट, आणि द कोकोनट पाम हॅज अ बोरॉन डेफिशियन्सी. दोन्हीकडे माडच आहे, तिला लगेच कळेल.